ट्रकच्या कपाळावरचं नाव

करमणूक म्हणून वाचणार असाल तर राहू द्या. मजीदभाई अजून आहेत. मुकुंदवाडीत कुणालाही विचारा.

नव्वद सालचा उन्हाळा. भर दुपार. बिडकीनच्या नानासाहेबांचा जुना ट्रक मजीदभाईंच्या दुकानात रंगाला लागला होता. जुना रंग खरवडायचा, पितळी पट्ट्या चमकवायच्या, मग नवा रंग.

नानासाहेबांनी एकच बजावलं होतं. ट्रकच्या कपाळावर त्यांच्या पोरीचं नाव होतं, आवडा. ती ह्याच ट्रकखाली गेली होती. तिथं खरवडू नका म्हणाले, वरूनच रंग मारा.

पण मजीदभाई कामाला लई चोखंदळ. जुन्या पापुद्र्यावर नवा रंग मारणं त्यांच्या जिवावर यायचं. नाव काय, परत लिहू की! त्यांनी पार पत्रा उघडा केला.

मग खाली पट्टी घासताना चमकत्या पितळेत मागं कुणीतरी दिसलं...

परकरातली पोर.

वळून पाहिलं. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

उन्हाचा त्रास म्हणून त्यांनी ब्रश हातात घेतला. नवा ब्रश असला की आधी आपल्या लेकीचं नाव लिहून बघायचे, मग पुसायचे. हाताची सवयच ती. ट्रकच्या कपाळावरच्या उघड्या पत्र्यावर लिहिलं... अमिना.

पुसलं.

नाव गेलं नाही.

रॉकेल लावलं. पॉलिश पेपर मारला. शेवटी चिडून खरवडणी घेतली आणि जोर लावून खरवडायला लागले...

तेवढ्यात किंकाळी आली. घर दुकानाच्या मागंच. धावत गेले तर बायको, मेहरुन्निसा, लेकीला कवटाळून बसलेली. अमिनाच्या कपाळाची कातडी सोलून निघाली होती.

"अब्बा, कोई खुरच रा मेरेकू."

मजीदभाईंच्या हातात खरवडणी तशीच होती.

संध्याकाळी नानासाहेब आले. मजीदभाईंनी त्यांचे पाय धरले, झालेलं सगळं सांगितलं, ट्रक इथंच राहू द्या म्हणून रडले. नानासाहेबांनी त्या नावावरून हात फिरवला.

"असू द्या ते नाव, मजीदभाई. माझ्या पोरीला सोबत झाली."

आणि ट्रक घेऊन गेले.

पुढं तो ट्रक कुठं घासला, की इकडं अमिनाच्या अंगावर ओरखडा. तशीच पोर मोठी झाली, जालन्याला नांदायला गेली.

आज सकाळी कळलं, नानासाहेबांच्या मुलानं ट्रक भंगारात काढला. दलालानं नेला, कुणाला दिला ठाऊक नाय. आजच गॅसनं कापणार म्हणे.

मजीदभाई सकाळपासून भंगारवाल्यांच्या दारोदार हिंडतायत.

खिशात फोन वाजतोय... अमिनाचा.

उचलायची त्यांची छाती होत नाही.