जांदिराच्या चेहऱ्यावरचा उजेड

ही घटना खरी आहे.

ज्यांना ती खोटी वाटेल त्यांनी आमच्या गावी, क्रातोला यावे, बाजारामागच्या गल्लीत दोना एउफ्राझियाचे घर विचारावे आणि माझ्यासमोर बसून तसे म्हणून दाखवावे. आजवर कोणाची ती हिंमत झालेली नाही.

जे घडले ते माझ्या भाचीच्या, दामियानाच्या घरात घडले. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातांत धरले होते, म्हणून ती मला माद्रिन्या म्हणते. तिने मला जे सांगितले ते माझ्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी निवेपर्यंत हातात धरून सांगितले. आणि शेवटचे तर मी स्वतः पाहिले.

सुरुवात झाली संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री. गल्लीत दारोदार शेकोट्या पेटल्या होत्या. दामियानाची मुलगी, पाच वर्षांची जांदिरा, चौकड्यांचा नवा फ्रॉक घालून, हातात भाजलेले कणीस धरून शेकोटीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माई, माझा फोटो काढ."

दामियानाने फोन काढला. पण शेकोटी मुलीच्या पाठीमागे होती. फोटोत ज्वाळा लखलखीत आल्या, आणि मुलीचा चेहरा...

काळा. नुसता काळा.

"उद्या काढू गं, दिवसाउजेडी," दामियाना म्हणाली.

तो उद्या आलाच नाही. सणाची राख अजून दारात होती तेव्हाच जांदिराला मेंदूज्वर झाला, आणि आम्ही तिला लहान मुलांच्या पांढऱ्या शवपेटीत ठेवले.

मग घरात तिचा फोटो शोधायला लागलो.

एकही सापडला नाही.

याचे कारण समजायला दामियानाचा धंदा समजला पाहिजे. तिचा बाप, जेनेझियो, फोटो रंगवायचा. खेड्यांतून लोक अंगठ्याएवढे धुरकट फोटो घेऊन यायचे. जेनेझियो ते मोठे करून त्यांवर रंग चढवायचा. त्याच्या ब्रशाने अनवाणी माणसाला बूट मिळत, विधवेच्या गळ्यात साखळी येई. एखाद्या मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो पेटीतलाच असला, तर जेनेझियो त्याचे डोळे उघडायचा. दुकानात त्या कामाला तसेच म्हणत, डोळे उघडणे. आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या मागे तो निळे आभाळ रंगवायचा. जिवंत माणसाच्या मागे त्याच्या दुकानात निळा रंग कधी लागला नाही.

बाप गेला, ब्रश गेले, संगणक आला. दामियाना घराच्या पुढच्या खोलीत त्यावर तेच काम करू लागली. अंधारात बुडालेला फोटो तिच्याकडे द्यावा आणि तिने त्यातून माणूस वर काढावा. तिच्या हाताला सगळे क्रातो मानते. पण ज्याला उजेडाची एवढी पारख, त्याला वाईट उजेड सहन होत नाही. आपल्या मुलीचा प्रत्येक फोटो ती काढायची, बघायची, तोंड वाकडे करायची... आणि पुसून टाकायची. हा अंधारा. तो पिवळा. पुन्हा काढू, चांगल्या उजेडात काढू.

शेकोटीचा तेवढा पुसायचा राहिला होता.

मातीच्या वेळी दामियाना रडली नाही. मीच तिला सांगितले होते, "रडायचे नाही. लहान लेकरू देवदूत होते. आईच्या आसवांनी त्याचे पंख भिजतात, मग त्याला उडता येत नाही." माझ्या आईने मला हेच सांगितले होते, आणि तेव्हा माझ्यासमोरही एक पांढरी पेटी होती. मी ऐकले. दामियानानेही ऐकले.

एक वर्ष गेले. पुन्हा जून आला, पुन्हा दारोदार लाकडे रचली जाऊ लागली.

एका दुपारी पठारावरचा मधवाला, सेऊ ओतासिलियो, आपल्या मेलेल्या भावाचा फोटो घेऊन दुकानात आला.

"याला टाय घाल, पोरी."

"तुमच्या भावाने कधी टाय घातला होता का?"

"जन्मात नाही. स्वतःच्या लग्नात सदरासुद्धा माझा घातला, आणि तोही परत दिला नाही. आता तरी मेल्याला स्वतःचे काहीतरी असू दे."

"रंग कुठला?"

"लाल. वर बायको भेटली तर ओळखायला नको."

दामियाना हसली. वर्षभरात पहिल्यांदा. म्हातारा भिंतीवरचे फोटो न्याहाळत होता. टाय लावलेले, साखळ्या घातलेले, डोळे उघडलेले.

"सगळ्या गावाची तोंडे इथे आहेत," तो म्हणाला. "तुझी पोर कुठे आहे?"

तिने पावती लिहून त्याच्या हातात ठेवली. पण म्हातारा गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिला एक गोष्ट आठवेना. सणाच्या आधी जांदिराचा दात पडला होता. पुढचा. डावा की उजवा?

परक्यांची हजार तोंडे तिला पाठ होती. स्वतःच्या लेकीचा पडलेला दात तिला आठवत नव्हता.

तिने शेकोटीचा फोटो उघडला.

मनाशी तिने एक शपथ घेतली. ब्रश लावायचा नाही. एक रेघही स्वतःच्या हाताने काढायची नाही. असेल तेवढाच उजेड वर आणायचा. जे दिसेल ते जांदिराचे असेल.

सावली हळूहळू उचलली. काळ्यातून राखाडी झाले. राखाडीतून चौकड्या दिसू लागल्या. मग कणीस. कणसावर इवली बोटे...

आणि मागच्या पडवीत रबरी चपलांचा आवाज झाला.

फट... फट... फट...

दामियानाने मान वळवली. आवाज थांबला. पडवीत ऊन होते. जांदिराची निजायची झोळी रिकामी टांगलेली होती. वारा नव्हता, तरी झोळी हलत होती.

शेजारची मुले असतील, असे तिने ठरवले. शेजारची मुले शाळेत गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने हनुवटीपर्यंत उजेड आणला. मग ओठांपर्यंत. ओठ मिटलेले होते, म्हणजे दात दिसणार नव्हता. पण तिला स्पष्ट आठवत होते की पोर तेव्हा खदखदून हसत होती. मग गाल. मग नाक. मग...

डोळे.

मिटलेले.

फोटो काढताना पापणी लवली असेल, तुम्ही म्हणाल. तिनेही स्वतःला तेच सांगितले. पण जेनेझियोच्या लेकीला मिटलेले डोळे म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको होते.

ओतासिलियो आपला फोटो न्यायला आला, लाल टायवर खूश झाला आणि मग त्याची नजर पडद्यावर गेली. त्याने टोपी काढली.

"उघड ना डोळे. तुझ्या हातचे काम आहे."

"नाही."

"लोकांच्या पोरांचे उघडतेस."

"कुणाचे डोळे लावू, सेऊ ओतासिलियो? मी काढीन ते माझे चित्र होईल. मग मला माझे चित्रच आठवत राहील. ती उरलीसुरलीही जाईल."

म्हाताऱ्याने टोपी पुन्हा घातली. जाताना तिच्या टेबलावर मधाची बाटली ठेवून गेला.

दामियाना पडद्यासमोर बसून राहिली. बाहेर ऊन कलले. आणि वर्षभर जे तिने दातांखाली धरून ठेवले होते ते सुटले. एक थेंब टेबलावर पडला.

तिने डोळे पुसले. वर पाहिले.

जांदिराचे डोळे उघडे होते.

तिच्याचकडे बघत होते...

पडवीतून आवाज आला. आता चपला ओल्या वाजत होत्या. चप्... चप्... दारापर्यंत आला आणि थांबला. दामियाना उठली. सिमेंटच्या फरशीवर पाण्याचा ठसा होता. तिच्या तळहाताएवढ्या पावलाचा. जून महिना, आभाळात ढग नाही, नळाला सकाळपासून पाणी नाही. तिने ओल्या फरशीवर बोट टेकवले आणि जिभेला लावले.

खारट.

कोणीही बाई तिथून पळाली असती. दामियाना खाली बसली आणि आणखी रडली.

त्यानंतर ती रोज दुपारी दुकान बंद करू लागली. गिऱ्हाइके दार वाजवून परत जात. ती आत पडद्यासमोर बसून रडायची, आणि ती रडली की पावले यायची. फोटोतली मुलगी दरवेळी थोडी पुढे आलेली असायची. आधी शेकोटीजवळ, मग शेकोटीपासून दूर, मग एवढी जवळ की हात लावावा. एका दुपारी ती हसली. दामियानाला दात दिसला. पडलेला दात.

डावा.

ती धावत माझ्याकडे आली. "डावा होता, माद्रिन्या," म्हणाली आणि मग सगळे सांगितले. तिचा चेहरा उतरला होता, हाडे वर आली होती, आणि डोळे मात्र नव्या नवरीसारखे चमकत होते.

"तू रडतेस," मी म्हणाले.

"रडते. रडले की ती येते."

"येते, की जाऊ शकत नाही?"

तिने कॉफीचा कप खाली ठेवला. "तुम्हाला नाही कळायचे."

"मला?" मी म्हणाले. "ऊठ. चल, दाखव."

दुकानात सगळी दारे लावलेली होती. पडद्यावर पोर होती. माझी दृष्टी चांगली आहे, वर्षापूर्वीच मोतीबिंदू काढला आहे. मी पाहिले. जांदिराच होती. पण कोण म्हणेल हिला हसरी? खांदे खाली आले होते. मान वाकली होती. फ्रॉकच्या काठावरून पाणी गळत होते, आणि तिच्या पाठीमागे, जिथे दामियानाने अजून उजेड नेला नव्हता, तिथे काहीतरी जड लोंबत होते...

"तिच्या पाठीमागची सावली उचल," मी सांगितले.

"नको, माद्रिन्या."

"उचल."

तिने उचलली.

चर्चमधल्या चित्रांत देवदूतांना असतात तसे ते पंख नव्हते. पावसात सापडलेल्या कोंबडीचे असतात तसे होते. पिसे एकमेकांना चिकटलेली, चिखलाने माखलेली, जमिनीवर फरफटत गेलेली. त्या एवढ्याशा पाठीला ते ओझे पेलत नव्हते.

दामियाना किती वेळ बघत राहिली ते मला माहीत नाही. मग अगदी हळू, झोळीत निजलेल्या पोरीशी बोलावे तसे म्हणाली, "दमलीस ना गं?"

पडवीत चपला एकदाच वाजल्या.

दामियानाने बाहीने डोळे कोरडे केले. नीट कोरडे केले. मग जो ब्रश लावणार नाही म्हणाली होती तो घेतला, आणि बापाचा निळा रंग घेतला. शेकोटी झाकली. गल्ली झाकली. रात्र झाकली. मुलीला मात्र हात लावला नाही. तिच्या पाठीमागे, काठापासून काठापर्यंत, निळे आभाळ भरले.

जिवंत माणसाच्या मागे जो रंग लागत नाही, तो लेकीच्या मागे तिने स्वतःच्या हाताने लावला.

एक थेंबही पडू दिला नाही. मी बाजूला उभी राहून पाहत होते.

मग तिने फोटो छापायला लावला. कागद हळूहळू बाहेर आला. निळा... निळा... निळा...

संपला.

कागदावर कोणी नव्हते.

तिने पडद्याकडे पाहिले. पडद्यावरही कोणी नव्हते. तिने घाईने मूळ फोटो उघडला, कोणी हात न लावलेला, सणाच्या रात्रीचा. शेकोटी होती. ज्वाळा लखलखीत होत्या. शेकोटीपुढे मोकळी जमीन होती, आणि जमिनीवर अर्धे खाल्लेले कणीस पडलेले होते.

पडवीतली झोळी स्थिर होती.

"गेली," दामियाना म्हणाली. आणि मग, जणू कोणी हिसकावून नेईल या भीतीने, पुटपुटत राहिली, "डावा. डावा होता. डावा."

तो निळा कागद तिला टाकवेना आणि भिंतीवर लावून बघवेना. म्हणून मी तो चौकटीत बसवून माझ्या बैठकीत लावला. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा फोटो कोणाचा? मी सांगते, आमच्या पोरीचा. माणसे मान खाली घालून कॉफी पितात.

दामियाना आता ठीक आहे. पुन्हा लोकांना टाय घालते. ती रडत नाही, हे मी तिला शपथ घालून विचारले आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मला जे कळत नाही ते एवढेच.

ऑक्टोबर आला आहे. पठार वाळून खडखडीत झाले आहे, विहिरीचा तळ दिसतो. आणि संध्याकाळी मी दिवा लावायला बैठकीत जाते तेव्हा त्या निळ्या चौकटीखालची फरशी...

ओली असते.

या घरात माझ्याशिवाय कोणी राहत नाही. आणि मी रडत नाही. माझी पांढरी पेटी गेली तेव्हाही रडले नाही, आणि ते साऱ्या क्रातोला ठाऊक आहे.

छप्पर तपासले, गळत नाही. भिंत तपासली, कोरडी आहे. रोज मी फडके घेते आणि फरशी पुसते.

काल पुसताना बोट ओले झाले.

मी ते अजून जिभेला लावलेले नाही.