गाऱ्हाण्याआधीचं लिंबू

रुपाली भाटकर आत आली ती रडत नव्हती. ती संतापलेली होती. हातात नटबोल्टचा पाना होता आणि तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"बाबांना पोलिसांनी नेलान," ती म्हणाली. "आणि बाबांनी कबूल केलान! न केलेली चूक कबूल केलान!"

नम्रता सुर्वेने खुर्ची पुढे सरकवली. रत्नागिरीत खाजगी तपासाचं काम करणारी ही बाई कुणाचं अर्धं वाक्य तोडत नसे. तिचा आतेभाऊ आणि मदतनीस केतन मात्र तोडण्यात पटाईत होता.

हकीगत साधी होती. आप्पा शेट्यांची एकसष्ट सालची मोरपंखी गाडी पुढून खिळखिळी झाली होती. मांडवीच्या गॅरेजवाल्या दत्ताराम भाटकरने आणि त्याच्या या मुलीने पुढचं सगळं सस्पेन्शन उतरवून नव्याने बांधलं. उजवी बाजू बापाने, डावी मुलीने. परवा सकाळी गाडी घरी पोचवली. संध्याकाळी आप्पांना घेऊन मुंबईचा थोरला मुलगा विनीत उतारावरून निघाला आणि पहिल्याच वळणावर डावं चाक आत दुमडलं. आप्पांचं खुब्याचं हाड मोडलं, विनीतचा हात. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा नट गळून पडला होता. तो फिरू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन जागेवर नव्हती.

"डावी बाजू माझी. पिन मी घातली, टोकं दुमडली. बाबांना वाटलं पोरगी विसरली. मला एका शब्दानं न विचारता सगळं अंगावर घेतलान!"

"माणूस विसरू शकतो की," केतन म्हणाला.

पाना टेबलावर दाणकन आदळला.

"केत्या," नम्रता थंडपणे म्हणाली, "आज तुझं तोंड खाण्यापुरतंच उघड."

तिघं पोचली तेव्हा भाटकरांच्या गॅरेजवर आधीच दगड पडले होते. दाराची फळी फुटलेली, आत तेलाचा डबा उलटलेला. कोर्टाच्या आधीच लोकांनी निकाल दिला होता. रुपालीने त्या पसाऱ्यातच जॅकवरची एक जुनी मोटार खाली घेतली, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं.

"ही एका अंगाला उंच दिसतेय," केतनला राहवेना.

"जॅकवर चाकं आत ओढली जातात. खाली घेतली तरी ती तशीच अडकून बसतात. ढकला जरा पुढंमागं."

केतनने ढकलली. गाडी हलली आणि आपोआप खाली बसली. त्याला याची गंमत वाटली आणि तो ते विसरूनही गेला.

समोरच्या गॅरेजवाल्या दर्शनने तंबाखू थुंकत स्वागत केलं. "बाईच्या हातचं काम! मी आप्पांना आधीच बोललेलो."

"आप्पांची गाडी घरी आली तेव्हा तुम्ही तिथे होतात?" नम्रताने विचारलं.

"गाडीच्या पूजेला होतो. मासे जेवलो आणि ओसरीवरच आडवा झालो. सगळंच घर झोपलेलं. देवापुढं साकडं मांडून गाऱ्हाणं घालायला गावचे मानकरी संध्याकाळी यायचे होते, तोवर गाडी हलवायची नव्हती." दर्शन हसला. "चाकांपुढे ठेवायची लिंबं मीच नेली होती. माझ्याकडे पोतंभर असतात. एक चिरडलं तर दुसरं ठेवायचं."

केतनने मनात त्याला बेड्या घातल्या.

शेट्यांच्या घरी विनीत हात गळ्यात बांधून बसला होता. "लिंबं काय, नारळ काय! पूजेत मी पायानेच बाजूला सारत होतो, अनिलने हात धरला. त्यापेक्षा त्या मुलीने नट नीट आवळला असता तर!"

धाकटा अनिल इथेच राहत असे. वर्षानुवर्षं ही गाडी त्यानेच धुतली, पुसली, तिची चाकं बदलली. त्याचे डोळे सुजले होते. "गाऱ्हाण्याआधी लिंबाला हात लावला म्हणून मी पुतणीलाही ओरडलो. देवाचं ते. आणि तरी बघा काय झालं! त्या भाटकराला सोडू नका. त्याच्या गॅरेजवर पहिला दगड मीच मारला."

विनीतची मुलगी सानवी कॉलेजात होती. तिने फोनमधला, गाऱ्हाणं झाल्यावर गाडी निघण्याआधीचा फोटो दाखवला. "काकाचा आप्पांवर किती जीव! आप्पा आयत्या वेळी गाडीत बसले, तर काका धावत आला. उतरा म्हणाला, ऊन लागेल म्हणाला."

"संध्याकाळी?" नम्रताने विचारलं.

"हो, ऊन उतरलंच होतं."

नम्रताने रुपालीकडून, तिने सकाळी गाडी पोचवल्यावर काढलेला फोटो मागवून दोन्ही शेजारी धरले. मग हवालदारांना फोन केला आणि दर्शनलाही बोलावून घेतलं. तिचे ओठ घट्ट मिटले होते. तिचा राग केतनला चांगला ओळखू येत असे.

अंगणात सगळे जमल्यावर तिने दोन्ही फोटो फिरवले.

"सकाळी गाडी सपाट आहे. संध्याकाळी तीच गाडी, त्याच जागी, डावीकडून उंच. केतन, अशी गाडी कधी दिसते?"

केतनच्या डोक्यात लख्ख झालं. "जॅकवरून उतरवल्यावर! ढकलली नाही तर!"

"म्हणजे दुपारी कुणीतरी डावं चाक उचललं, पिन काढली, नट सैल केला. रुपालीने पिन घातली होती. पण ढकलली का नाही? मागे तुळशीवृंदावन, पुढे लिंबं. गाडी हलवायची तर लिंबू उचलायचं किंवा चिरडायचं. दर्शनने ते चिरडून दुसरं ठेवलं असतं. विनीतने पायाने उडवलं असतं, आणि स्वतः चालवायच्या गाडीचा नट कोण सैल करतो? या फोटोत लिंबू आणि त्यावरचं कुंकूसुद्धा जसंच्या तसं आहे. ज्याला पिन काढायची भीती वाटली नाही, पण गाऱ्हाण्याआधी लिंबाला हात लावायची वाटली, असा माणूस या घरात एकच."

सगळ्यांनी अनिलकडे पाहिलं.

"तरीही मी थांबले असते," नम्रताचा आवाज चढला, "पण ऊन उतरल्यावर आप्पांना उन्हासाठी उतरवणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. अनिल, तुम्हाला ठाऊक होतं ते चाक जाणार. नुसतं खरं सांगितलं असतंत तर म्हाताऱ्याचं हाड वाचलं असतं!"

अनिल तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसला. "दादा गाडी मुंबईला नेणार होता हो. आयुष्यभर मी सांभाळली आणि नेणार तो! मला वाटलं फाटकातच चाक बसेल, काम वाईट झालं म्हणतील, गाडी इथंच ऱ्हाईल. आप्पा बसतील असं कुठं वाटलं होतं?"

"आणि भाटकर तुरुंगात जातील, हे वाटलं नव्हतं? दगडफेकीत पुढे कोण होतं?"

विनीत उठून अनिलच्या अंगावर धावला. हवालदारांनी मध्ये पडून अनिललाच जीपकडे नेलं.

दत्ताराम संध्याकाळी सुटला. गॅरेजात रुपाली एका गाडीखाली आडवी होऊन काम करत होती आणि बाप आला तरी बाहेर आली नाही.

"पोरी, मना वाटलं तुझ्या हातून ऱ्हायली. तुला नेतील म्हणून—"

"विचारलंत काय मला? एकदा?"

सवयीने दत्ताराम तिने घातलेली पिन बघायला वाकला, मग अर्ध्यातच हात मागे घेतला.

"बघा की," गाडीखालून आवाज आला. राग अजून तसाच होता. "चार वेळा बघा. माझ्या वतीनं कबूल तेवढं करू नका."

दत्तारामने बॅटरी पेटवली आणि तो जमिनीवर तिच्या शेजारी आडवा झाला.