वाघजाईच्या घळीतला दोर

शेगडी जरा इकडं ओढा आणि ते मोबाईल खाली ठेवा. उद्या घळीत उतरायला निघालात ना, मग मानसिंगचं काय झालं ते ऐकून जा. विंझरच्या शाळेत तो माझ्या हाताखाली शिकला. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. हे सांगताना झाले नव्हते.

गेल्या साली बारा जानेवारीचा रविवार. दुसऱ्या दिवशी भोगी. मानसिंग तेव्हा वेल्ह्याच्या पलीकडं, वाघजाईच्या घळीत पुण्याची माणसं न्यायचा. सकाळी ओढ्याच्या पात्रातनं घळीत शिरायचं, दुपारी डोहात ट्यूबवर तरंगायचं आणि ऊन कललं की ऐंशी फुटांच्या कड्यावरून दोरानं खालच्या पाण्यापाशी उतरायचं. उतरणाऱ्या प्रत्येकाला तो बजावायचा, "खालनं बोललेलं वर ऐकू येत न्हाई. काय अडलं तर दोराला तीन हिसके द्या. म्या वर ओढून घेईन."

त्या दिवशी बारा जण होते. सगळे नीट उतरले, टेम्पोत बसले आणि गेनबा ड्रायव्हर त्यांना घेऊन गेला. मानसिंग घरी पोचला, तर आई साळूबाई भोगीची भाजी निवडत बसलेली.

"दोर काढला का रं?"

"ऱ्हायला. उद्या काढतो."

"उद्या सणाचा कोन जातंय? आत्ताच आन जा. भाकऱ्या हुईस्तोवर येशील."

तो गाडी काढून निघाला. कड्याच्या माथ्यावर पोचला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पुनवेची आदली रात्र. वर कातळावर पिठासारखं चांदणं, खाली घळीत मात्र काळंकुट्ट. दोर झाडाला बांधलेला होता. त्यानं गुंडाळायला हात घातला.

दोर येईना. ताठ होता.

दगडात अडकला असेल म्हणून त्यानं एक झटका दिला.

खालून तीन हिसके आले.

"कोन हाय?" तो ओरडला. त्यानं गेनबाला फोन लावला.

"मानसं मोजलीस का?"

"बारा हायत की. चेलाडी फाट्याला च्या पित्यात. का रं?"

"फोन ठिवू नगं. थांब."

मोबाईल तसाच चालू, स्पीकर लावून बाजूला कातळावर ठेवला. पाहुणे तर सगळे गेले. मग खाली कोण? कुणी गुराखी घसरला असेल. मोळीला गेलेली बाई असेल. भिऊन पळालो आणि सकाळी तिथं माणूस मेलेलं सापडलं तर? पोरांनो, मानसिंगला भीती वाटलीच. पण पाय निघेना.

त्यानं दोर झाडाला लावलेल्या कप्पीत घातला आणि ओढायला लागला. वजन माणसाएवढं. दोर आधी कोरडा होता. मग ओला आला. मग गार. इतका गार, की बोटं उघडेनात.

कड्याच्या कडेला काहीतरी घासलं.

"आलात, आलात... हात द्या!" तो म्हणाला.

दोर सैल पडला. त्यानं वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

सगळं गप्प. रातकिडेसुद्धा.

मग फोनमधून गेनबा म्हणाला, "मानसिंग... तुज्यापाशी कोन बाई हाय?"

"कोन न्हाई."

"आरं, मग ही बोलतीया कोन?"

"काय... काय म्हंतीया?"

गेनबा अगदी हळू म्हणाला, "म्हंतीया, माजी दोन ल्याकरं खाली हायती. त्यास्नी बी घ्या."

मानसिंगनं दोर खाली सोडला, तसा तो ताठ झाला. तीन हिसके.

त्यानं डोळे मिटले आणि ओढलं. हलकं होतं. पाच-सहा वर्षांच्या पोराएवढं. कडेला घासलं. सैल झालं. त्यानं दोर पुन्हा सोडला. पुन्हा तीन हिसके. हे त्याहून हलकं. तान्ह्या मुलाएवढं.

संपलं. त्यानं श्वास सोडला. दोघंच म्हणाली होती ती.

दोर आपसूक खाली सरकला. हिसके आले.

तीन.

मग पुन्हा तीन... आणि पुन्हा... थांबेचनात. एकाचे नव्हते ते. एकाच दोराला कितीतरी हात...

"मानसिंग, पळ!" फोनमधून गेनबा ओरडला. "लई जनं बोलत्यात रं!"

त्यानं झाडाची गाठ सोडली. दोर सरसरत खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

उजाडल्यावर गेनबाला घेऊन तो परत गेला. ते एक झाड सोडलं तर तो माथा म्हणजे उघडा कातळ. संक्रांतीच्या दिवसांत तिथं दवसुद्धा टिकत नाही. कडेपासून चार पावलांवर एक वीतभर खळगा पाण्यानं काठोकाठ भरला होता. आत बोटाएवढे तीन मासे होते. जिवंत. हलत नव्हते, नुसते कल्ले उघडत होते.

आणि तिघांची तोंडं एकाच बाजूला होती. गावाकडं.