फणसाखालचं पिल्लू

"पिल्लू पडलेलं दिसलं तर टोपलीत घालून झाडालाच टांगायचं. घरी नेऊ नको गो. आई शोधत येते."

आत्मारामकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. करुणा हसली होती.

"काका, आई आमच्या तिसऱ्या मजल्यावर येणार?"

काका हसले नव्हते.

ही घडलेली गोष्ट आहे. करुणा माझी आतेबहीण. सांगताना ती सारखी आतल्या खोलीकडे बघत होती.

रत्नागिरीत नाचणे रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांच्या कॉलनीची छोटी बाग आहे. कॉलनीतलीच माणसं ती राखतात. पाखरांना पाणी ठेवायचं, पाचोळा काढायचा, साप निघाला तर सर्पमित्राला बोलवायचं. बोटीवरची नोकरी करून परतलेले आत्मारामकाका सगळ्यांचे म्होरके. करुणा यंदाच त्यांच्यात गेली.

मार्चमधला शनिवार होता. तिन्हीसांज. बाकीचे निघून गेले होते. करुणा तेवढी पाण्याची भांडी भरत होती.

फणसाखाली काहीतरी हललं...

पिंगळ्याचं पिल्लू. मुठीत मावेल एवढं घुबड. हाताला बर्फासारखं गार.

आसपास मांजरं टपलेली. टोपली काकांच्या घरी. त्यात अडीच वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला शेजाऱ्यांकडे ठेवलेलं, नवरा जयगडला ड्युटीवर. एका रात्रीने काय होतंय, म्हणत तिने पिल्लू ओढणीत गुंडाळलं आणि घरी नेलं.

खोक्यात ठेवलं. संस्कृतीला भरवून आत झोपवलं. उकाडा इतका, की पोरीने पांघरूण केव्हाच लाथाडलं.

मग आवाज आला.

टक... टक...

खिडकीच्या काचेवर. बाहेर कुणी नाही.

थोड्या वेळाने दारावर.

टक... टक...

मग सगळं शांत. रातकिडेसुद्धा गप्प.

आणि मग... आतल्या खोलीतून.

टक...

करुणा धावली. संस्कृती गाढ झोपली होती. गळ्यापर्यंत पांघरूण. चारही कडा अंगाखाली नीट खोचलेल्या.

करुणाने ते घातलं नव्हतं.

पोरीला उचलून ती बाहेर आली. खोकं रिकामं. ओढणीही नाही.

सकाळी ती काकांकडे गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठच्या झाडाखाली?"

"फणसाच्या. ढोलीतून पडलं असणार."

काका तिला झाडापाशी घेऊन गेले. ढोली सिमेंटने बुजवलेली होती.

"गेल्या वर्षी आम्हीच बुजवली. झाड कुजत होतं."

"आत बघितलं होतंत ना, काका?"

काकांनी सिमेंटवरून हात फिरवला.

तेवढ्यात झाडाच्या आतून...

टक... टक...

दोघांनीही ऐकलं. काकांनी छिन्नी आणली. सिमेंटला कुठे चीरसुद्धा नव्हती. घाव घालता घालता त्यांच्या हाताला फोड आले. शेवटी एक तुकडा निघाला.

आत सुकलेली पिसं. काडीएवढी हाडं.

आणि त्यांच्यावर... करुणाची ओढणी. चारही कडा नीट खोचलेल्या.

काकांनी सगळं त्याच झाडाखाली पुरलं. ओढणीसकट. त्याला आता बरेच दिवस झाले. काका बागेत येत नाहीत.

करुणाने घरातली पांघरुणं कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली तिच्या गळ्यात असते.

तरी परवा दुपारी संस्कृती झोपलेली असताना ती दूध बघायला म्हणून उठली, आणि परत येते तो...

हे लिहिताना मीच दोनदा उठून माझ्या लेकाला बघून आले.

तुमचं लेकरू आत झोपलंय ना? जरा उठा. बघून या.

अंगावर पांघरूण असेल, तर ते तुम्हीच घातलंत ना... एवढं आठवून बघा.