हलू काय गो बाय?

माझं कुणी खरं मानलं नाही. पाटलाने नाही, शेजाऱ्यांनी नाही. म्हणाले, बाई एकटी पडली, तिला काहीबाही ऐकू येतं. ऐकू आलं ते आलं! कंदील बारीक कर रे धोंडू, तेल जळतंय.

"मावशे, भुताक चाय पाजलंस काय?"

"तुका पाजतंय ती पुरे. गप रव."

साल बासष्ट. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. फोंडाघाटात, घाटाच्या पायथ्याला माझं हेच चहाचं दुकान. घरात मी नि माझा धाकटा भाऊ लवू. तिसरं कोणी नाही. कोल्हापूरहून एक फोटोग्राफर आला होता, कॅलेंडरसाठी डोंगरांचे फोटो काढायला. सामान उचलायला त्याने लवूला नेलं. डोंगर केवढा ते कळायला कड्याच्या टोकावर माणूस हवा, म्हणून लवूलाच उभं केलं. धुकं फाटलं की फोटो. तोवर हलायचं नाही, आणि फोटो काढताना श्वासही धरायचा, तो 'हल' म्हणेपर्यंत.

पहिल्या दिवशी लवू तोंड पाडून आला.

"बाय, मी हललंय. फोटो बिघडलो."

"मगे? सोन्याचो होतो काय?"

"उद्या मेलंय तरी हलूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन, दुपारी धुकं, मग धो धो पाऊस. फोटोग्राफर एकटाच उतरला. रेनकोट कॅमेऱ्याला गुंडाळलेला, स्वतः चिंब.

"लवू खंय आसा?"

"तो? पाऊस यायच्या आधीच उतरला की."

अर्धा चहा टाकून त्याने एसटी पकडली.

रात्रभर पाऊस. लवू आला नाही. सकाळी माणसं दरी शोधून आली. काही नाही. "मुंबैक पळालो," म्हणाले. बहिणीला न सांगता? माझा लवू?

दिवेलागणीला मी एकटी चढले. पाऊस चालूच. कड्यावर असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. हाक मारली.

"बाय..."

समोरूनच.

"हलू काय गो बाय?"

मी आवाजाच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"फोटो झालो?... हलू?"

"झालो रे," मी म्हटलं. "चल घराक."

काही नाही. पावसाचाही आवाज नाही.

मग... खूप वेळ धरलेला श्वास कुणी सोडावा, तसं.

धुकं फाटलं. टोकावर कोणी नव्हतं. सगळा कातळ पाण्याने वाहत होता. आणि कडेला दोन पावलं. कोरडी ठणठणीत. त्यांच्यावर पाऊस पडत होता. ती भिजत नव्हती.

पाटलाला ओढत नेलं. त्यानेही पाहिलं. "कातळच तसलो असतलो," म्हणाला आणि मागे न बघता उतरला. अजून आहेत ती. भर पावसात जा आणि बघा.

लवू पळाला नाही. पाऊस यायच्या आधीपासून तो तिथेच उभा होता, 'हल' म्हणायची वाट बघत. त्याला तसा ठेवून, कॅमेरा तेवढा वाचवून जो खाली आला, आणि माझ्याच बाकावर बसून खोटं बोलला... नाव हवंय?

हरिश्चंद्र.