खाणीतला आंबूस वास

“या गाव्रिलाकाकाला काही रीतभात आहे की नाही?” इलिंका लोखंडी दारावर मुठी आपटत ओरडली. “कुलूप लावण्याआधी आत तीनदा ‘नोरोक बुन!’ अशी खाणकऱ्यांची हाक द्यायची, उत्तराची वाट बघायची. गावातलं शेंबडं पोरही जाणतं! अन् हा पहारेकरी? दार ओढलं, कुलूप ठोकलं, चालला शीळ घालत! खाणीच्या तोंडाशी शीळ, केवढा अपशकुन!”

“आपण तरी कुठे विचारून आलो?” तिचा धाकटा भाऊ तितू मुसमुसला.

ते मात्र खरं होतं! सुट्टीतली सकाळ, गाव्रिलाच्या दारूच्या भट्टीभोवती सारं गाव आलुबुखारांची पिंपं घेऊन जमलेलं, आणि इलिंकाला हंड्याखाली जळणारा ओंडका दिसला. कोळशानं काळवंडलेला, टोकाला खाच पाडलेला. असले ओंडके जंगलात मिळत नाहीत. ते बंद खाणीत छताला टेकू देऊन उभे असतात! गाव्रिला रोजच्या तपासणीला म्हणून खाणीचं दार उघडून विडी शोधायला गेला, तेवढ्यात इलिंका, तितू आणि शेजारचा पाम्फिल आत सटकले होते.

तपासणी कसली! दारातून दिसणारे टेकू जागच्या जागी होते. वळणापलीकडे एकही नव्हता.

कर्रर्र... वरून खडे पडले.

“आजीऽऽ!” तितूनं भोकाड पसरलं.

“ओरडू नको रे!” पाम्फिल कुजबुजला. “छत आधीच टेकीला आलंय.”

“आजीला वाटतंय, आपण अक्रोड वेचतोय,” इलिंका म्हणाली. “इकडे कुणी फिरकणार नाही.” एवढ्यात तिनं नाक मुरडलं. “पाम्फिल, काय खाल्लंस?”

“मी? मक्याची मामालिगा! उगाच माझ्यावर नको ढकलूस!”

“मग हा आंबूस वास कुठला?”

तिनं दाराच्या फटीला नाक लावलं. तिथं नुसता ओल्या पानांचा वास. मागे वळली, तर आंबलेल्या आलुबुखारांचा! खाणीच्या आतून!

“अरे, भट्टीचा वास आत येतोय, म्हणजे तिकडं भोक आहे! काका तिथूनच लाकडं ओढतो!”

“पण त्या छताखालून जायचं?” पाम्फिलचा आवाज चिरकला.

वर पुन्हा करकरलं. मग इलिंकानं तितूचा हात घट्ट धरला, बॅटरी पेटवली आणि भिंतीला पाठ घासत निघाली. पावलाचाही आवाज नको. मध्येच तितूच्या खांद्यावर मूठभर माती पडली. त्यानं ओठ दाताखाली दाबला, पण हूं की चूं केलं नाही. शाब्बास!

जमिनीवर ओंडके फरफटल्याच्या खुणा होत्या. त्या एका चढत्या भुयाराशी संपल्या. आत दोर लोंबत होता! गुडघे सोलत तिघं वर चढले. डोक्यानं फळी ढकलली, तर चहूकडे खाणीतल्या टेकूंचाच ढीग! गाव्रिलाची लाकडाची खोपी! पाम्फिलनं दाराला लाथ घातली.

भट्टीभोवतीचं सारं गाव वळून बघू लागलं. तीन काळीकुट्ट ध्यानं बघून गाव्रिलानं छातीवर क्रूस काढला.

“भुतं!”

“भुतं नाही, आम्ही! तुम्ही खाणीत कोंडलेले!”

“खोटं! माझ्या कुलपातून माशीसुद्धा आत जात नाही!”

“कुलपातून नाही. तुमच्या खोपीतून बाहेर आलो!”

म्हाताऱ्या खाणमुकादमानं खोपीत डोकावून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “हे टेकू काढलेल्या भुयारावर आपली अर्धी गल्ली उभी आहे,” तो म्हणाला. त्यानं पोरांसमोर टोपी काढली. “पोरांनो, आज तुम्ही गाव वाचवलंत.”

गर्दी बाजूला सारत सावेता आजी पुढे आली. तितूला उचलून कडेवर घेतलं, इलिंकाच्या काळ्या गालाचा मुका घेतला, आणि मग वळली.

“गाव्रिला, किल्ली टाक इथं. उद्या भट्टी पेटणार नाही. एकेक टेकू स्वतःच्या खांद्यावरून परत नेशील, आणि शेवटचा उभा राहीपर्यंत या गावात तुला कुणी भाकरी विचारणार नाही. लाज कोळून प्यालास, मेल्या, आणि वर त्याच टेकूंवर गाळलेला पेला आमच्याही पुढं केलास!”