काचेवरचा अंगठा

"काचा पांढऱ्या कशाने झाल्या?" दादाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता धाकट्या बहिणीकडे, चिमटाकडे पाहिलं.

टेबलावर पारदर्शक डब्यात शर्यतीची लाल गाडी उभी होती. काल संध्याकाळी तिच्या काचांतून आतलं स्टिअरिंग स्वच्छ दिसत होतं. आज सकाळी मात्र काचांवर दूध सांडल्यासारखं धुकं होतं. आणि दुपारी चारला वाचनालयाच्या सभागृहात मॉडेल गाड्यांचं प्रदर्शन होतं.

सुटीचे अठरा दिवस या गाडीत गेले होते. रंग दादाने मारला. चाकं आणि इंजिन ढोलने जोडलं. ढोल मामाचा मुलगा; दोघे बापलेक सुटीला मुक्कामी आले होते. त्याच्या पोटात काही म्हणून राहत नसे, त्यामुळे हे नाव. डेकल्स बसवायचं काम धाकटीचं होतं. नंबर, पट्टे अशी ही नखाएवढी चित्रं पाण्यात भिजवायची, कागदावरून सरकवून जागेवर बसवायची. तिने चिमट्याने, श्वास रोखून, बेचाळीस बसवली होती. तेव्हापासून तिला सगळे चिमटा म्हणत.

डेकल मऊ करायचं औषध तिनेच काचांवर सांडलं असणार, असं दादाचं मत पडलं. घरातल्या मोठ्यांना त्याचं विचारून झालं होतं. आई, बाबा, मामा, कोणीच गाडीला हात लावला नव्हता. मामाच्या तर तो प्रश्न मनालाच लागला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि वीस वर्षांत आपल्या हातून एक स्क्रूसुद्धा पडलेला नाही, असं दिवसातून दोनदा सांगायचा.

"पुढच्या बसच्या वेळी तू फक्त खोका उघडायचा," दादा म्हणाला. "बाकी आम्ही बघू."

कपाटावर पिवळ्या बसचा नवा संच ठेवला होता. तिच्यावर साठ डेकल्स होती. चिमटाने ती मनातल्या मनात केव्हाच बसवून टाकली होती.

ती रडली नाही. तिने भिंग आणलं. धुकं सगळ्यात दाट होतं ते डाव्या आरशापाशी. मागच्या खिडकीवर तर धुक्यात बारीक रेघा उमटल्या होत्या. अख्खा अंगठा होता तो. मधून एक तिरकी रेघ गेलेली, जुन्या जखमेच्या व्रणासारखी. चिमटाने आपला अंगठा शेजारी धरून पाहिला. तो निम्माच भरला.

डबा घेऊन ती आणि ढोल, जिथून संच आणले होते त्या दुकानात पळाले. दुकानदारकाकांनी झाकण उघडून नुसता वास घेतला. क्षणात चिकटणारा गोंद बंद डब्यात ठेवला, की त्याची वाफ काचांवर बसते, असं त्यांनी सांगितलं. बोट लागलं असेल तिथे जास्तच बसते.

"आम्ही तो गोंद वापरतच नाही," ढोल म्हणाला.

"मग कोणीतरी वापरलाय."

आता मोठ्यांचे अंगठे तपासायचे कसे? उघड मागितले तर ओरडा बसणार. चिमटाने रंगाचे नमुने बघायचे प्लास्टिकचे चमचे काढले, त्यांना काळा चकचकीत रंग मारला आणि ते अर्धवट वाळल्यावर दिवाणखान्यात मांडले. शेजारी पाटी लावली : रंग ओला आहे. हात लावू नये.

दुकानातली गोष्ट ऐकून दादाही आला आणि तिघं पडद्यामागे बसले. पहिल्यांदा आई आली. तिने पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठा टेकवला. बाबांनी टेकवला आणि "ओलाच आहे की," असं चमच्यालाच सांगितलं. मामाने दोन चमचे तपासले.

मामाच्या दोन्ही चमच्यांवर तिरकी रेघ होती. ढोलने ते चमचे उचलले आणि सरळ आपल्या बाबांपुढे नेऊन ठेवले.

मामाने चमचे पाहिले, मग आपला अंगठा पाहिला आणि खुर्चीत बसला. शेजाऱ्यांना भाच्यांचं कौतुक दाखवायला त्याने गाडी उचलली होती. आरसा निसटला. त्याने तो खिशातल्या गोंदाने चिकटवला आणि कोणाला कळू नये म्हणून झाकण लावून टाकलं.

"पण आरसा किती सरळ बसवलाय, ते तरी बघा," तो म्हणाला.

"आमच्यापेक्षा सरळ आहे," चिमटा म्हणाली. "आता काचांचं सांग."

मामा उठला आणि त्याने आपली हत्यारांची पेटी आणली. घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे घालवायची पेस्ट तिच्यात होती. चिमटाने काचांभोवतीची डेकल्स टेपने झाकली. मामा घासू लागला, दादा गाडी धरून बसला आणि हुकूम चिमटाचे.

"हळू, मामा. पट्ट्याला लागेल."

"हो, बाईसाहेब."

साडेतीनपर्यंत एकच काच उरली, मागची. मामाने कापड पुढे नेलं, तसा चिमटाने त्याचा हात धरला. "ती राहू दे," ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या परीक्षक बाई गॅरेजमध्ये खऱ्या गाड्या रंगवायच्या. त्या गाडीवर बराच वेळ वाकून होत्या. डेकल्सखाली हवेचा एक बुडबुडा नाही, इतका स्थिर हात कोणाचा, असं त्यांनी विचारलं. दादाने चिमटाला पुढे ढकललं.

"आणि मागच्या काचेवर काय आहे?"

"माझ्या बाबांचा अंगठा," ढोलच्या तोंडून निघून गेलं. मग सगळी हकिगतच निघाली, चमच्यांसकट. मामाने दोन्ही हात खिशात घातले. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि बारीक कामाचं पहिलं बक्षीस लाल गाडीला देताना म्हणाल्या, की मोठ्यांना पकडायची अशी युक्ती त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

घरी आल्यावर दादाने कपाटावरून पिवळ्या बसचा संच काढला. डेकल्सचा कागद त्याने चिमटापुढे सरकवला.

"खोका मी उघडतो," तो म्हणाला. "बाकी तू बघ."